गंमत आणि दप्तर

युरोपातील जुन्या शहरांतून हिंडणारा प्रवासी, ज्या प्रार्थनामंदिरांच्या व राजप्रासादांच्या दर्शनासाठी एवढा द्रव्यव्यय करून आलेला असतो त्यांच्याकडे पाठ करून, एखाद्या दारावर ठोठावण्यासाठी बसविलेल्या पितळी हातापुढे, पायरीलगत भिंतीत रोवलेल्या लोखंडी पट्टीपुढे किंवा चर्मकाराच्या दुकानावर टांगलेल्या अवाढव्य बुटापुढे कॅमेरा सरसावून उभा राहतो, तेव्हा सोबतच्या मंडळींना त्याच्या अभिरुचीविषयी शंका येऊ लागते. त्याची बाजू मांडायची तर असे म्हणता येईल की, महामंदिराचे चित्र त्याच्याहून शतपट कुशल हातांनी अगोदरच काढून ठेवलेले आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ते अल्प मोलात मिळते. पितळी हात मात्र त्याचा त्याला सापडलेला असतो. या युक्तिवादात तथ्य आहे, तरी मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. ज्या गृहस्थाच्या दारावर तो हात आहे तो त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही आणि परक्याला मात्र त्यात गंमत वाटते, हे का?

नावीन्य, हे याचे नेहमीचे उत्तर. मला ते अपुरे वाटते. परक्या शहरातील विजेची नवी पेटीदेखील प्रवाशाला तितकीच अपरिचित असते, पण तिच्यापुढे कोणी थांबत नाही. माझे मत असे आहे की, जिने एके काळी निमूटपणे चाकरी केली, जिची चाकरी आता संपली, आणि तरीही जिला जागेवरून हलविण्याची तसदी कोणी घेतली नाही, अशा वस्तूच्याच ठायी ही मोहकता उत्पन्न होते. पायरीजवळची ती लोखंडी पट्टी घोडागाड्यांच्या काळात बुटांना लागलेला चिखल व लीद खरवडण्यासाठी बसविलेली असे. रस्ते फरसबंद झाले, घोडे गेले, पट्टी तेवढी राहिली.

प्रागच्या किल्ल्याकडे चढत जाणाऱ्या नेरुदोवा रस्त्यावर या सिद्धान्ताची जणू सरकारी कागदपत्रेच भिंतीवर लावून ठेवलेली आहेत. तेथील घरांच्या दर्शनी भागावर कोठे तीन व्हायोलिने, कोठे दोन सूर्य अशी रंगीत चिन्हे आहेत, आणि ज्याच्या नावाने तो रस्ता ओळखला जातो तो लेखक यान नेरुदा त्या दोन सूर्यांच्या घरातच राहत असे. ही चिन्हे शोभेसाठी घडविलेली नव्हेत. घरांना क्रमांक नव्हते आणि अक्षरओळख थोड्यांनाच होती, त्या काळी तोच घराचा पत्ता होता. पुण्यात पासोड्या विठोबा किंवा जिलब्या मारुती सांगितल्यावर टांगेवाल्याला जसे पुढे काही विचारावे लागत नसे, तसेच ते होते. मग 1770 साली राणी मारिया थेरेसाच्या अंमलात लष्करभरतीच्या सोयीसाठी खानेसुमारी झाली आणि प्रत्येक घरावर क्रमांक चढला. आजही प्रागमध्ये घरावर दोन पाट्या दिसतात: लाल पाटीवर त्या जुन्या गणतीच्या पद्धतीचा क्रमांक, निळ्या पाटीवर रस्त्यातील अनुक्रम. पॅरिसमध्ये हेच काम नेपोलियनच्या राजवटीत 1805 च्या फर्मानाने झाले. सम क्रमांक एका बाजूस व विषम दुसऱ्या बाजूस ही आज अनेक ठिकाणी रुळलेली व्यवस्था त्या फर्मानातही होती. क्रमांक आले, चिन्हे बेकार झाली, आणि बेकार झालेल्या चिन्हांना कालांतराने सौंदर्याचे निवृत्तिवेतन मिळू लागले. प्रवासी सूर्यांचे चित्र घेतो आणि लाल पाटी चौकटीबाहेर राहील अशी दक्षता बाळगतो, यात माझ्या मते त्याचे नुकसान आहे. कारण त्या दोन सूर्यांची सारी कैफियत त्या पाटीवरच लिहिलेली आहे.

हे खरे मानले तर अशा वस्तूंचे चित्र कोणत्या वृत्तीने घ्यावे, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याचे सर्वांत विस्तृत उत्तर यूजेन आत्जे या पॅरिसच्या छायाचित्रकाराने दिले आहे. 1857 मध्ये जन्मलेला, बालपणीच आईबापांना मुकलेला, काही काळ जहाजावर आणि काही वर्षे फिरत्या नाटकमंडळीत काढलेला हा मनुष्य तिशी उलटल्यावर दारावर 'कलावंतांसाठी दस्तऐवज' अशी पाटी लावून बसला. चित्रकार, नेपथ्यकार, लोहार, संग्रहालयांचे अधिकारी ही त्याची गिऱ्हाइके. त्यांची नावे व पत्ते तो एका वहीत टिपून ठेवी. जुन्या पॅरिसच्या अवशेषांवर लक्ष ठेवण्यासाठी तेथील नगरशासनाने 1897 साली एक समिती नेमली, आणि त्याच सुमारास आत्जेने त्या जुन्या शहराची पद्धतशीर फेरिस्त आरंभिली. 18 गुणिले 24 सेंटिमीटरच्या छायाचित्रणाच्या काचा, भात्याचा लाकडी कॅमेरा आणि तिवई एवढा जड सरंजाम वागवीत तो भल्या पहाटे बाहेर पडे, आणि जिन्यांचे कठडे, दारांवरची मुखे, मद्यगृहांच्या पाट्या, भंगारवाल्यांच्या गाड्या, दिव्यांची छत्रे विकणारे फेरीवाले यांची मालिकावार, क्रमांकवार नोंद करी. त्याच्या काचा आठ हजारांवर भरल्या. त्यांत आयफेल मनोरा हुडकूनही सहसा सापडत नाही.

गंमत टिपण्याचा हेतू या उद्योगात कोठेच नव्हता, आणि तरीही गंमत त्यात ओतप्रोत भरली आहे, हे मला अत्यंत विचारणीय वाटते. 'ओ तांबूर' या मद्यगृहाचे 1908 चे चित्र त्याच्या पाटीसाठी व दर्शनी बांधणीसाठी घेतलेले असणार. पण दाराच्या काचेआडून कुतूहलाने डोकावणारे चेहरे, आणि त्याच काचेत उमटलेले कॅमेऱ्याचे व खुद्द आत्जेचे प्रतिबिंब, यांनी चित्राचा कबजा घेतला आहे. बुलव्हार द स्त्रासबूरवरील कॉर्सेटच्या दुकानाच्या 1912 च्या चित्रात मांडलेला सारा माल रेखीव स्थिर आहे, आणि दारात टांगलेली एक कॉर्सेट मात्र, कॅमेऱ्यातील काच दीर्घकाळ उघडी ठेवावी लागत असल्यामुळे, वाऱ्याच्या झुळुकीने धूसर झाली आहे. शिरच्छेद झालेल्या स्त्रियांच्या त्या पंक्तीत एकीनेच श्वास घेतला असा भास होतो. हा विनोद आत्जेने रचलेला नाही. दुकानाची साक्ष तपशिलासह नोंदविण्याचे काम त्याने चोख बजावले, आणि विनोद त्या साक्षीत आपोआप दाखल झाला. याउलट, विनोदाच्या शोधात निघालेला माणूस दुकानातील इतर मालाकडे दुर्लक्ष करून त्या एका कॉर्सेटवरच झडप घालतो. मग ती कोणाहून वेगळी आहे हे दाखविणारी पंक्तीच चित्रात उरत नाही.

येथे रोबेर द्वानोचे उदाहरण माझ्या विरुद्ध पुढे केले जाईल, आणि ते टाळून चालणार नाही. पॅरिसच्या रस्त्यातील मौज टिपण्यात त्याच्याइतका लोकप्रिय झालेला छायाचित्रकार विरळा. 1948 मध्ये तो एका कलावस्तूंच्या दुकानात काचेच्या आतल्या बाजूस दडून बसला. काचेत एका विवस्त्र स्त्रीचे तैलचित्र मांडलेले होते, आणि बाहेरून जाणाऱ्यांच्या मुद्रा तो टिपीत होता. पत्नी दुसऱ्याच चित्राविषयी काही गंभीरपणे सांगत आहे आणि पतिराजांची नजर तिरपी होऊन त्या तैलचित्रावर स्थिरावली आहे, हे त्यांतील चित्र पाहून न हसणारा माणूस मला भेटायचा आहे. पण यातही आमिष लावलेले होते. आणि 1950 साली 'लाइफ' या अमेरिकन नियतकालिकासाठी घेतलेले नगरभवनासमोरच्या चुंबनाचे त्याचे जगप्रसिद्ध चित्र तर अभिनयाचे शिक्षण घेणाऱ्या एका जोडप्याकडून करवून घेतलेले होते, हे पुढे न्यायालयात उघड झाले. मी याला फसवणूक म्हणणार नाही. इतकेच म्हणेन की, एवढ्या तीक्ष्ण दृष्टीच्या कलावंतालाही रस्त्याकडे गंमत मागितल्यावर रस्त्याला थोडी मदत करावी लागली.

अलीकडे शहरेच ही मदत करू लागली आहेत. पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथे 1980 नंतरच्या दशकात राजवटीविरुद्धच्या घोषणा भिंतींवरून पुसल्या की तेथे रंगाचे ठिगळ उरे, आणि त्या ठिगळांवर 'नारिंगी पर्याय' या चळवळीचे तरुण बुटके खुजे रंगवीत. त्या खुज्यांना काम होते: सरकारला हास्यास्पद करणे. आज त्याच शहरात कांस्याचे शेकडो चिमुकले खुजे पायऱ्यांवर, खांबांशी, खिडक्यांखाली बसविलेले आहेत, आणि ते कोठे कोठे आहेत याचा नकाशा प्रवाशाला मिळतो. ते गोजिरवाणे आहेत, मुले त्यांच्यामागे धावतात, व्यापाराला बरकत येते. माझी काही तक्रार नाही. पण छायाचित्र घेतले जावे याच हेतूने घडविलेल्या वस्तूचे छायाचित्र घेणे म्हणजे निमंत्रणपत्रिकेची नक्कल करून घेणे होय.

आत्जे भोळा होता असा मात्र समज करून घेऊ नये. कोणत्या गिऱ्हाइकाला 'चित्रोपम पॅरिस' रुचते हे तो जाणून होता, आणि 1920 साली आपल्या 2,621 काचा दहा हजार फ्रँकांना शासनाला विकताना, सारे जुने पॅरिस आपल्यापाशी आहे असे लिहिण्यात त्याने काडीचाही संकोच केला नाही. सहा वर्षांनी, त्याच्याच रस्त्यावर राहणाऱ्या मॅन रे या अमेरिकन कलावंतामार्फत त्याचे एक चित्र अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आले: 1912 मधील सूर्यग्रहणाच्या दिवशी बास्तीयच्या चौकात माना उंचावून आकाशाकडे पाहणारा जमाव. त्या मंडळींना त्यात स्वप्नसृष्टी दिसली. आत्जेने नाव न छापण्याची अट घातली. हे केवळ दस्तऐवज आहेत, असे त्याचे म्हणणे होते. चरित्रकार याला विनय म्हणतात. मला त्यात धंद्याची शिस्त अधिक दिसते, कारण त्याच्याकडे जिन्याच्या कठड्याचे चित्र मागायला येणाऱ्या लोहाराला त्या कठड्याचे वळण आणि जोड स्पष्ट दिसायला हवे असत, आणि त्याचा मोबदलाही तो त्याचसाठी मोजीत असे.