सोवळ्यातला पतंग

पूजेला बसताना नेसलेले रेशमी सोवळे पवित्र मानतात. त्याच्या धाग्यामागे असतो एक लहानसा पांढरट पतंग, बॉम्बिक्स मोरी.

रानात त्याचे घर नाही. सुमारे 5,000 वर्षे माणसाने पाळल्यामुळे पंख असूनही तो धड उडू शकत नाही आणि पतंग झाल्यावर काही खातही नाही. जालना-बीडमधल्या संगोपनगृहात तुतीचा पाला खात अळी वाढते, कोष विणते. एका कोषात जवळपास 1,000 मीटर अखंड धागा असतो. पतंग बाहेर पडला की हा धागा तुटतो, म्हणून आतला जीव वाफेने किंवा गरम हवेने मारला जातो.

मग हे वस्त्र शुद्ध कसे?

सोवळ्याचा नियम विटाळ पाहतो, जीवदया नाही. जीव न घेता रेशीम मिळावे म्हणून हैदराबादच्या कुसुमा राजय्यांनी पतंगाला जाऊ देऊन उरलेल्या कोषांचे सूत काढले. ते ‘अहिंसा रेशीम’. तरी बाहेर पडलेली मादी शेकडो अंडी घालते. त्यांतून निघणाऱ्या अळ्यांना पाला कोण देणार?

आपल्याच घरांत सोवळ्यासाठी लोकरीची धाबळीही होती. मेंढीची लोकर कातरून घेतात, मेंढी पुन्हा चरायला जाते.