नजरेचा दोष

मनमाड जंक्शनात गाडी शिरताना चालक व त्याचा सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. एका नजरेवर रेल्वे विसंबत नाही. दुसरीचा पगार देते. कर्करोगाचे छायाचित्र वाचणाऱ्या डॉक्टरचे काय? अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फुफ्फुसाच्या सीटी-चित्रांत गोरिलाची आकृती मुद्दाम घातली होती. गाठी शोधणाऱ्या २४ तज्ज्ञांपैकी २० जणांना ती दिसली नाही. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची नजर तर थेट तिच्यावरून गेली होती! याला हलगर्जी म्हणावे? मी तरी धजत नाही. यंत्राला देणगी मिळते, वर पाटीही लागते. नजरेच्या अभ्यासाला पाटी कुठे लावणार? मग पैसा मागणाऱ्याला आपण थांबायला सांगतो, आणि गाठ निसटली की डॉक्टरला दोषी ठरवतो.