पयोव्रताचा महिना आणि खिरीची वाटी



मागच्या सत्संगानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, "तुमच्याकडे महिनाभर दूध बंद होतं म्हणे! कसं काय जमलं?" प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहितो. खरं सांगायचं तर जमलं, आणि नाहीही जमलं.

सुरुवात झाली श्रावणात. चिंतामण गणेशाचं दर्शन घेऊन परत येताना पावसाने गाठलं. आमचे दूधवाले भैया त्याच रस्त्यावरच्या एका गावात राहतात. वीस वर्षं आमच्या दारात दूध येतंय, पण त्यांचं घर कधी पाहिलं नव्हतं. आडोशाला म्हणून थांबलो. चार म्हशी, गोठा स्वच्छ, गूळ घालून चहा दिला. एका म्हशीपुढे खुंटीला काहीतरी टांगलं होतं. आमची सात वर्षांची नात ते खेळणं समजून हात लावायला गेली. ते मेलेल्या रेडकाचं कातडं होतं, आत भुसा भरलेला.

भैयांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "पाडा था, पंद्रह दिन में मर गया. इसको सूँघे बिना भैंस दूध नहीं उतारती."

नात जरा वेळ बघत राहिली आणि मग तिने विचारलं, "म्हणजे ते दूध त्याचं होतं?"

कोणीच उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर संध्याकाळचा चहा नेहमीसारखाच झाला, आणि तो चांगलाही लागला. हेही लिहायलाच हवं.

पण प्रश्न काही गेला नाही. आपण साधक मंडळी आहाराचा विचार करतो. कांदा-लसूण, शिळं, कोणाच्या हातचं, सगळं बघतो. दुधाला मात्र आपण कधी काही विचारत नाही. ते सात्त्विकच. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही हे कोणाला माहीत नाही? रेडी झाली तर ती वाढवतात, कारण उद्या ती दूध देईल. रेडा झाला तर शेतात आता ट्रॅक्टर आहे. त्याला पाजलेलं दूध म्हणजे गवळ्याचा तोटा. आपला देश दुधाच्या उत्पादनात जगात पहिला आहे याचा अभिमान वाटतो. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीतही तो पहिल्या काही देशांत आहे, आणि या दोन गोष्टी एकाच गोठ्यातून निघतात. हे कळल्यावर दूध लगेच तामसी झालं असं आम्ही म्हणत नाही. पण ते निष्पाप आहे असंही आता तोंडातून निघेना.

मार्ग पंचांगातच सापडला. चातुर्मासाचे चार नियम जुन्या बायकांना पाठ असतात: श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही, कार्तिकात द्विदल धान्य नाही. भाद्रपद शुद्ध द्वादशीला पंचांगात 'पयोव्रतारंभ' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. तिथपासून आश्विन शुद्ध एकादशीपर्यंत दूध वर्ज्य. परंपरेने यात तूप चालतं. आम्ही ठरवलं की दूध, दही, ताक, तूप, पनीर सगळंच सोडायचं आणि मधही नाही. मुलगा म्हणाला, "आई, यालाच व्हीगन म्हणतात." हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये काढला गेला. आता आपल्याकडेही २०२२ पासून अशा पदार्थांच्या पाकिटासाठी सरकारने हिरवं व्ही अक्षराचं चिन्ह ठरवलंय. सासूबाई म्हणाल्या, "नाव काहीही द्या, माझं रात्रीचं कपभर दूध बंद करू नका." त्या ८१ वर्षांच्या आहेत. त्यांचं दूध चालू राहिलं.

आता स्वयंपाकघराचं ऐका. पहिला आठवडा फार वाईट गेला. काळा चहा म्हणजे काढा झाला. दाल-बाफले केले आणि बाफले तुपात न बुडवता वाढले, तर यांनी एक बाफला हातात घेऊन नुसताच फिरवून पाहिला. काही बोलले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात ते न बोलणं आम्हाला कळतं. भाद्रपद म्हणजे भुट्ट्याचे दिवस. भुट्ट्याचा कीस दुधाशिवाय शिजवला तो कोरडा ठाक झाला. दुसऱ्यांदा शेंगदाण्याचं दूध काढून घातलं, तेव्हा जमला. पोहे-जिरावन मात्र जसेच्या तसे, त्यामुळे सकाळी तरी घरात शांतता असे.

शेंगदाण्याचं दही ही आमची मोठी कमाई. दाणे रात्री भिजवायचे, सालं काढायची, पाण्याबरोबर वाटून गाळायचे, उकळी आणायची. कोमट असताना देठासकट चार-पाच हिरव्या मिरच्या टाकून झाकून ठेवायचं. विरजण लागत नाही, मिरचीच्या देठावरच ते धरतं. कढी उत्तम होते. नुसतं भाताबरोबर खायला मात्र दाण्याचा वास लागतोच, उगाच खोटं कशाला सांगा.

आणि सोयाबीन! आपण माळव्यात राहतो. उज्जैनच्या आसपास खरिपात जिकडे बघाल तिकडे तेच. इंदूरला १९८७ पासून सोयाबीन संशोधनाची केंद्र सरकारची संस्था आहे. दाण्यात जवळजवळ ४० टक्के प्रथिनं. पण आपण त्याचं काय करतो? तेल काढून घेतो आणि उरलेली पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला जाते, देशात आणि देशाबाहेर. आमच्या स्वयंपाकघरात मात्र आजवर सोयाबीन कधी शिरलं नव्हतं. दूध घरीच काढायला शिकलो. भिजवून, वाटून, गाळून पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळावं लागतं. कच्चं बाधतं, ही घाई करू नका. गाळून उरलेला चोथा थालीपिठात जातो.

प्रकृतीचं थोडक्यात. नात लहान म्हणून सुरू करण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना विचारलं. बी-१२ वनस्पतीत मिळत नाही, ते गोळीनेच घ्यावं लागतं, यात श्रद्धेचा काही भाग नाही. (आमच्या मुलाचं बी-१२ तर भरपूर दूध पीत असतानाही कमी निघालं होतं.) कॅल्शियमसाठी नाचणी: १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम, दुधात १२०च्या आसपास. शिवाय तीळ रोजच्या चटणीत. लेकुरवाळ्या, गरोदर मुली आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीत कोणी आमचं वाचून प्रयोग करू नयेत.

इथवर सगळं 'आम्ही' म्हणून लिहिलं. पण खरंच 'आम्ही' ठरवलं होतं का? ज्यांच्या हातात स्वयंपाकघर, त्यांचं 'आम्ही' जरा मोठं असतं. सूनबाई लगेच हो म्हणाली, पण ती हो म्हणणारीच आहे. यांनी मान हलवली. नातीला तर भिजल्या कातड्याची आठवण होती. आपल्या दयेचा नियम आपण दुसऱ्याच्या ताटातून पाळतोय का, ही शंका पहिल्या पंधरा दिवसांत आली नाही. ती आली पितृपक्षात.

पयोव्रताच्या महिन्यातच पितृपक्ष येतो हे आमच्या डोक्यातच नव्हतं. मामंजींचं श्राद्ध दशमीला. श्राद्धाला खीर लागते. आणि आपल्या उज्जैनला सिद्धवट आहे. सासूबाई दरवर्षी क्षिप्रेच्या काठी जाऊन वडाला दूध घालतात. पितरांना पोचतं म्हणतात. त्या पंधरवड्यात तिथे दुधाचे तांबे घेतलेल्या लोकांची केवढी गर्दी असते ते इथल्या सगळ्यांनी पाहिलंय.

मुलगा म्हणाला, "आजी, या वर्षी सोयाच्या दुधाची खीर करू. देवाला भाव कळतो. महाकालाच्या पिंडीवरच्या पंचामृतावर कोर्टाने मर्यादा घातली, तरी महाकाल आहेतच ना?" त्याचं बरोबर होतं. २०१७ मध्ये ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. भाविकांसाठी आरओचं पाणी, तेही माणशी अर्धा लिटर, असं ठरलं.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ते पिंडी झिजते म्हणून केलं बाळा, म्हशीसाठी नाही." मग आमच्याकडे वळून, "नियम तुमचा आहे. श्राद्ध त्यांचं आहे. आयुष्यभर रात्री दूधभात खाल्ला त्यांनी. त्यांना विचारलंत का?"

याला काय उत्तर देणार? रेडकालाही कोणी विचारलं नव्हतं, असं मनात आलं. बोललो नाही. दोघंही बोलू न शकणारे, एक मेलेलं वासरू आणि एक गेलेले वडील. दोघांच्या वतीने आपणच बोलणार, आणि आपण आपल्या सोयीचं बोलणार.

त्या रात्री आम्हाला गांधीजींची शेळी आठवली. कॉलेजात आत्मकथा वाचली होती. कलकत्त्याकडचे गवळी गाईम्हशींवर कसले अघोरी प्रकार करतात ते वाचून, १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. पुढे खेड्याच्या सत्याग्रहानंतर मरणाच्या दारात जाऊन आले. दूध घेतल्याशिवाय अंग धरणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गांधीजी म्हणाले, व्रत आहे. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली: व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती ना, मग शेळीचं का नाही? त्यांनी ते घेतलं. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की व्रताचा शब्द राखला, आत्मा गेला, आणि ती बोच कायम राहिली.

लोक ही गोष्ट व्रतभंगाची म्हणून सांगतात. आम्हाला त्यात कस्तुरबा जास्त दिसल्या. नवरा मरायला टेकलाय आणि त्याच्या नियमाला कुठून फट पाडता येईल ते ती बाई शोधतेय. नियम घेणाऱ्याचं नाव होतं. तो नियम सांभाळत बसणाऱ्या घरच्या माणसाला काय पडलं असेल, त्याचा हिशेब कोण मांडतं? सोयाच्या दुधाची खीर हीसुद्धा आमची शेळीच होती. नावाला खीर, म्हणजे श्राद्धही झालं आणि नियमही राहिला. दोन्हीकडे फसवणूक.

दशमीला पहाटे उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. सासूबाई गॅसपाशी स्टुलावर बसून खीर ढवळत होत्या. दूध शेजारून मागून आणलेलं. गुडघे दुखतात म्हणून चार वर्षं त्यांनी ओट्याला हात लावला नव्हता. म्हणाल्या, "तुमच्या हाताने नको. तुमचा नियम मोडेल."

बंधू-भगिनींनो, त्या एका वाक्याने आमची पंधरा दिवसांची सगळी दया लाजली. आमच्या नियमाचा मान घरात सर्वांत जास्त कोणी राखला असेल तर ज्यांना तो मान्यच नव्हता त्यांनी. आम्ही पातेलं धरलं. वेलची कुटून दिली. सिद्धवटाला सोबत गेलो, तांब्या त्यांच्या हातात होता, आम्ही कोपर धरलं होतं. दूध वडाच्या बुंध्यावरून खाली मातीत गेलं. नात टक लावून बघत होती. तिला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दुपारी पानावर खीर आली. पितरांचा प्रसाद. आमच्यातल्या दोघांनी खाल्ली, दोघांनी पानाला नमस्कार करून बाजूला ठेवली. ज्यांनी खाल्ली त्यांनी 'प्रसाद चालतो' अशी पळवाट काढली नाही. नियम मोडला, असं म्हणून खाल्ली. ज्यांनी ठेवली त्यांच्यावर सासूबाई रागावल्या नाहीत. कोणी बरोबर वागलं ते आम्हाला आजही ठरवता येत नाही. नातीने अर्धी वाटी खाल्ली आणि मग विचारलं, "आजोबांचं झालं. आता त्या रेडकाचं श्राद्ध कोण करतं?" यावर सासूबाईंनी तिला जवळ घेतलं आणि कावळ्याच्या पानाशेजारी एक चमचा खीर वेगळी ठेवली. हे शास्त्रात कुठे आहे का, आम्हाला ठाऊक नाही.

उरलेले दिवस सरळ गेले. नवरात्राचा फराळ तेलात केला. एकादशीला व्रत सुटलं आणि चारच दिवसांनी कोजागिरी. गच्चीवर दोन पातेली ठेवली, एक म्हशीच्या दुधाचं, एक बदाम-सोयाचं. ज्याने त्याने आपापलं घेतलं. यांनी दोन्ही घेतलं.

आता घरात दोन लिटरऐवजी एक लिटर येतं. मुलगा-सून पूर्ण सोडून आहेत. बी-१२ सगळ्यांचं चालू. आमचा स्वतःचा सकाळचा पहिला चहा अजून दुधाचाच आहे, तो सुटत नाही.

दूध कमी करायचं सांगितलं त्या दिवशी भैया जरा गप्प झाले. म्हणाले, "सब ऐसा करेंगे तो भैंस को खिलाएगा कौन?" हेही खोटं नाही. त्यांच्याही घरी नातवंडं आहेत. शेवटी आम्ही म्हटलं, लिटरमागे दहा रुपये जास्त देऊ, पण पुढच्या वेताला रेडा झाला तरी त्याच्यासाठी एक सड सोडा. ते हसले, मान डोलावली. पाळतील की नाही, आम्ही रोज बघायला थोडेच जाणार? फाल्गुनात एक म्हैस विणार आहे. नातीने कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय. तेव्हा चिंतामणला जाऊ.