सर्वांत मोठी रात्र आणि पुण्याची प्रार्थना

22 डिसेंबरच्या सुमारास पुण्यात दिवस जेमतेम 11 तासांचा असतो. सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचून मागे फिरतो, म्हणजे उत्तरायण खरे तर तेव्हाच लागते. आपण ते मकरसंक्रांतीला मानतो. संपातबिंदू सरकत गेला आणि सुमारे 1700 वर्षांपूर्वी एकत्र असलेल्या या दोन तारखा दुरावल्या. राष्ट्रीय पंचांगात मात्र पौष 22 डिसेंबरलाच सुरू होतो. धनुर्मासातली पहाटेची खिचडी आणि नाताळचे दिवे वर्षाच्या या सर्वांत मोठ्या रात्रीच्या मागेपुढे येतात. तिच्यावर मात्र पुण्यातला कोणताही मोठा समाज हक्क सांगत नाही. इंग्लंड-अमेरिकेत काही चर्चमध्ये या सुमारास शोकाकुल माणसांसाठी वेगळी उपासना होते, काही ठिकाणी तिला अन्य धर्मीयही येतात. पुण्यात अशी प्रथा नसली, तरी तिच्या मुळाशी असलेला, निरनिराळ्या धर्मांच्या माणसांनी एकत्र प्रार्थना करण्याचा विचार या शहरात शंभराहून अधिक वर्षे घडत आला आहे.

1870 मध्ये पुण्यात प्रार्थना समाज सुरू झाला. त्यातल्या रानडे-भांडारकरांची वाट गाळण्याची होती: मूर्ती आणि कर्मकांड बाजूला ठेवायचे, तुकोबांचे अभंग ठेवायचे आणि सर्वांना चालेल असा एकच ईश्वर भजायचा. विचार उदात्त होता; पण सर्वांना चालणारे शेवटी मूठभर सुशिक्षितांनाच चालले. शिवाय शहराचा स्वभाव! 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे आणि टिळक दोघेही ग्रामण्यात, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादात, सापडले. जिथे चहाला प्रायश्चित्त, तिथे एकत्र उपासना कुठली?

जोतीराव फुल्यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात एक कुटुंब आहे. त्यात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात प्रेमाने राहतात. इथे कोणी काही गाळत नाही. मला हा रानड्यांच्या पुढचा टप्पा वाटतो, जरी तो तेव्हा कागदावरच राहिला.

तो प्रत्यक्षात उतरला तुरुंगात. 1942 मध्ये गांधीजींना पुण्यातल्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत ठेवले आणि आठवडाभरातच, 15 ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच वारले. डॉ. गिल्डर हे पारशी डॉक्टरही पुढे त्याच कैदेत होते; गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेत पारशी प्रार्थना आली ती त्यांच्यामुळे. 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच आवारात चिता रचली, तेव्हा गीतेबरोबर कुराण, बायबल आणि अवेस्ता यांतलेही म्हटले गेले. तिथे कोणी तत्त्वांचा समन्वय साधत बसले नव्हते. दुःख एकाच्या घरचे होते आणि ज्याच्याकडे जे शब्द होते ते त्याने आणले. सर्वधर्मप्रार्थना आज सरकारी कार्यक्रमात होते तेव्हा ती कोरडी का वाटते, याचे उत्तर मला इथे सापडते: तिथे कोणाचे काही गेलेले नसते.

शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने हे रोजच्या जगण्यात आणले. जॅक विन्स्लो यांनी 1922 मध्ये नगर जिल्ह्यात सुरू केलेला हा संघ पुढे पुण्यात आला. पुढे आदिवासींचे अभ्यासक झालेले व्हेरियर एल्विन भारतात आले ते याच्यातूनच. मधल्या काळात थंडावलेला आश्रम 1970 च्या दशकात कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींनी मिळून पुन्हा उभा केला. त्यांतल्या सारा ग्रँट शांकर वेदान्ताच्या अभ्यासक होत्या, तरी ख्रिस्ती श्रद्धा त्यांनी सोडली नाही. आश्रमाच्या उपासनेत उपनिषदांनाही जागा होती.

मला वाटते, वर्षाच्या सर्वांत मोठ्या रात्रीला पुण्यात अशा प्रार्थनेची जागा मोकळी आहे. त्या वर्षात घरातले माणूस गमावलेल्यांना बोलवावे, भाषणे टाळावीत आणि ज्याने त्याने आपापल्या घरची प्रार्थना म्हणावी. महादेवभाई आणि कस्तुरबांच्या समाध्या आगाखान पॅलेसच्या आवारात आहेत. गांधी-स्मारकाशी जोडलेल्या संस्थांनी याचा विचार करावा.