घरच्या तळ्याची तोंडे



वर्षावासात तळा तालुक्यातील एका वाडीत प्रवचनासाठी जाण्याचा प्रसंग आला. लावणी आटोपलेली, बाहेर पावसाची झोड, आणि विहाराच्या पत्र्यावर एवढा आवाज की मागच्यांना माझे बोलणे ऐकू जात होते की नाही कोण जाणे. त्रिशरण-पंचशील झाले. मी आर्य अष्टांगिक मार्गावर तासभर बोललो. सम्यक दृष्टीपासून सम्यक समाधीपर्यंत सर्व सांगितले. मला वाटले, प्रवचन चांगले झाले. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीने हात वर केला.

"गुरुजी, तुमी सांगता ते सगळं बरोबर. आमी देव्हारा काढला, पोरांच्या गळ्यातले ताईत तोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. पण घरात पैसा काय ठरत नाय. येतो तसा जातो. तुमच्या बुद्धानं याच्यावर काय सांगितलंय का?"

लोक हसले. मला हसू आले नाही. "तुमच्या बुद्धानं" हा शब्द मला लागला. तिच्या घराने दीक्षा घेतली त्याला दोनच पावसाळे झाले होते. तिच्या दृष्टीने बुद्ध अजून माझा होता, प्रवचन देणाऱ्याचा होता. तिच्या चुलीपर्यंत तो पोचला नव्हता. आणि त्यात दोष तिचा नव्हता. आम्ही प्रवचनकार मंडळी काय सोडावे याची यादी मोठ्या आवेशाने वाचतो. देव सोडा, उपवास सोडा, नवस सोडा. सोडल्यानंतर सकाळी उठून काय करावे, हे सांगताना मात्र आमचा आवाज बसतो.

आजीला मी त्या दिवशी जे उत्तर दिले, तेच जरा विस्ताराने येथे लिहितो. कारण तिचा प्रश्न तिने प्रथम विचारलेला नाही. प्रत्यक्ष तथागतांच्या हयातीत तो विचारला गेला आहे.

कोलिय कुळातील दीघजाणू नावाचा एक गृहस्थ भगवंतांकडे आला. तो सरळ म्हणाला की आम्ही संसारी माणसे आहोत, मुलाबाळांत राहतो, चंदन लावतो, सोने-रुपे बाळगतो. आमच्यासारख्यांना या जन्मी सुख लाभेल असे काही सांगा. हा संवाद अंगुत्तर निकायात आहे. भगवंतांनी त्याला "आधी घर सोड, मग बोलू" असे सांगितले नाही. जग दुःखमय आहे असे म्हणून त्याची बोळवणही केली नाही. त्यांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. मेहनत आणि कसब, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत, आणि आवक पाहून जावक ठेवणारे समतोल जीवन. हे चार झाल्यावर मग श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा या पुढच्या चार गोष्टींकडे ते वळले. क्रम ध्यानात घ्या. घर सावरणे हा धम्माबाहेरचा व्यवहार आहे असे तथागतांनी मानले नाही.

आणि समजावून सांगताना त्यांनी दाखला दिला तो तळ्याचा. मोठ्या तळ्याला पाणी येण्याची चार तोंडे आहेत आणि पाणी जाण्याची चार तोंडे आहेत. येण्याची तोंडे बुजवली, जाण्याची उघडी ठेवली आणि पाऊसही पडला नाही, तर तळे आटणारच. जाण्याची चार तोंडे म्हणजे व्यभिचार, दारू, जुगार आणि वाईट संगत. या चारांपासून दूर राहणे हीच येण्याची तोंडे.

तळ्यासारख्या गावी राहणाऱ्याला आणि महाडच्या चवदार तळ्याच्या जिल्ह्यात जन्मलेल्याला हा दाखला वेगळा समजावून देण्याची गरज नाही. 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या तळ्यावर येण्याची वाट आपल्याला बंद होती. ती वाट त्यांनी मोकळी केली. आज शाळा, नोकरी, मजुरी, मुंबईची वाट या रूपाने पाणी आपल्या घरी येऊ लागले आहे. ते आत आल्यावर कुठे जाते, एवढेच आजी विचारीत होती.

मांदाड बाजूला खाडीलगत ज्यांची खारी जमीन आहे त्यांना मी विचारले, "बांधाला खांड कशी पडते?" एक शेतकरी म्हणाला, "खेकड्याच्या बिळापासून." उधाणाचे पाणी एका रात्रीत बांध फोडून शेतात घुसते आणि भाताची जमीन खारट करून जाते, हे सर्वांना दिसते. पण सुरुवात बोटाएवढ्या बिळापासून होते. उघाडीची फळी तर आपण डोळ्यांत तेल घालून सांभाळतो. बिळाकडे कोणी पाहत नाही. घराचेही तसेच आहे. दारूने बरबाद झालेला माणूस आपण बोटाने दाखवतो. पण त्याचे पहिले बीळ पगाराच्या दिवशी मित्रांबरोबर घेतलेला एक घोट हे होते. रोज चाळीस रुपये विडी-तंबाखूवर जातात असे धरा. वर्षाला ते 14,600 रुपये होतात. घरात कोणी म्हणाले की मुलीच्या वसतिगृहासाठी चौदा हजार काढा, तर आपण म्हणतो, "एवढे आणायचे कोठून?"

जुगाराचे तोंडही आता बदलले आहे. पूर्वी मटका लावायला नाक्यावर जावे लागे, चार माणसांच्या नजरेत यावे लागे. मोबाईल आल्यावर पोरगा अंथरुणात पडल्या पडल्या पैसे लावू लागला. पैशाचे असे खेळ बंद करण्यासाठी 2025 साली केंद्र सरकारने कायदा केला, हे बरे झाले. पण ज्याच्या मनाला झटपट पैशाची चटक लागली आहे, तो दुसरे तोंड शोधतोच. तेथे कायदा पुरत नाही, आईबापांचे लक्ष लागते.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला संकोच वाटतो. पण वासरी जे सांगायचे ते स्वतःवरून सांगितले तरच त्याला अर्थ. माझ्या मोठ्या मुलीचे लग्न मी बौद्ध पद्धतीने केले. अक्षता टाळल्या, मुहूर्त पाहिला नाही, हुंडा दिला नाही. आणि एवढे सगळे केल्यावर मांडव, वाजंत्री, जेवणावळ व गाडी यांसाठी पतपेढीचे कर्ज काढले. का? तर भावकी म्हणाली, "गुरुजींच्या घरचे लग्न, ते काय असे मुके व्हायचे?" ते कर्ज फेडायला मला चार वर्षे लागली. त्याच चार वर्षांत माझ्या धाकट्या मुलाचे शिक्षण अर्ध्यावर राहिले. त्याने तक्रार केली नाही. "बाबा, मी कामाला लागतो" एवढेच म्हणाला. तो आज पोटापुरते कमावतो, मला काही बोलत नाही. पण पंचशील देताना तो समोर बसलेला असला, की माझी नजर त्याच्याकडे जात नाही.

आजीच्या प्रश्नावर मला हसू आले नाही, त्याचे हे खरे कारण आहे.

दीघजाणूला समतोल जीवनाविषयी सांगताना भगवंतांनी उंबराचे उदाहरण घेतले होते. एक माणूस उंबराचे झाड गदागदा हलवतो, ढीगभर फळे पाडतो आणि खातो मूठभर. मिळकत थोडी आणि थाट मोठा ठेवणारा गृहस्थ तसा. त्याचबरोबर मिळकत मोठी असून अंगावर चिंध्या घालणाऱ्या, पोटाला चिमटा घेणाऱ्या कंजुषालाही त्यांनी चांगले म्हटले नाही. तराजू धरणाऱ्याला जसे कळते की पारडे इतके खाली गेले, इतके वर आले, तसे गृहस्थाला आपल्या आवक-जावकेचे कळले पाहिजे. मी माझ्या मुलीच्या लग्नात उंबर हलवला. तुमच्यापैकी किती जणांनी हलवला असेल, हे तुम्ही मनाशी मोजा.

कर्ज काढूच नये असे मी म्हणत नाही. सुभेदार रामजींनीही उसनवारी केली. भीमरावांना पुस्तक हवे असले की ते लेकींकडे जात, त्यांचे दागिने गहाण टाकत, पण पुस्तक आणीत. परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार. रात्री दोन वाजता ते मुलाला अभ्यासाला उठवीत आणि मग स्वतः त्या जागेवर आडवे होत. मेहनतीसाठी पालीत जो शब्द आहे तो आहे 'उट्ठान'. उठणे. त्या एका खोलीत हा शब्द रोज रात्री अक्षरशः पाळला जात होता. पुस्तकासाठी काढलेले कर्ज आणि वाजंत्रीसाठी काढलेले कर्ज पतपेढीच्या वहीत सारखेच दिसते. घरात मात्र एक पाणी आणते आणि दुसरे नेते.

मेहनतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपण विसरता कामा नये. तथागतांनी दीघजाणूला शेती, व्यापार, गुरे राखणे, धनुर्विद्या, राजाची चाकरी, कारागिरी असे धंदे सांगितले आणि कोणता धंदा कोणत्या जातीचा हे सांगितले नाही. जे काम करशील त्यात कुशल हो, आळस करू नकोस, ते कसे करावे आणि कसे करवून घ्यावे याचा विचार कर, एवढेच सांगितले. गवंडीकाम करणाऱ्या आपल्या पोराने ओळंबा नीट धरला, प्लंबरने सांधा गळू दिला नाही, अंगणवाडीतील ताईने वजनाची नोंद खरी केली, तर तो धम्माचाच आचार होय.

हे पटत नसेल त्याने कुडा लेणी पाहावीत. ती तर आपल्याच तालुक्यात, मांदाडजवळ आहेत. सव्वीस लेणी डोंगरात कोरलेली आहेत आणि समोर खाडीचे पाणी दिसते. आपण सहलीला जातो, फोटो काढतो, आणि ब्राह्मी लिपीत भिंतीवर काय लिहिले आहे ते कोणी विचारीत नाही. तेथे दान देणाऱ्यांच्या नोंदी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांत या भागावर सत्ता असलेल्या महाभोजांचा लेखनिक शिवभूती आहे. कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. वैद्य आहे, फुलांचे काम करणारा माळाकार आहे, भिक्खुणी आहेत, घरच्या बायका आणि मुलेही आहेत. कारकून, वैद्य, माळी! या माणसांनी आपल्या कमाईतून दगड कोरवून घेतला. ज्यांच्या घरचे पाणी रोज गळून जात होते, त्यांच्या हातून हे झाले नसते. त्याग करायला आधी काही शिल्लक राहावी लागते.

आजीने मला मध्येच अडवले होते, तेही सांगितले पाहिजे. मी सिगालाला केलेल्या उपदेशातील वाटणी सांगत होतो: मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगाला, दोन धंद्यात घालायला, एक अडीअडचणीला. ती म्हणाली, "गुरुजी, चार भाग करायला भाकर तेवढी मोठी पायजे." तिचे बरोबर होते. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्याला चौथा भाग बाजूला टाक असे सांगणे म्हणजे थट्टा आहे. मी तिला म्हटले, "आजी, चौथा भाग राहू द्या. दहा रुपये टाका. पण टाकले ते लिहा आणि गेले तेही लिहा. वही घाला." दर पौर्णिमेला घरातील सर्वांनी, बायका-मुलांसह, एकत्र बसावे. वंदना झाली की वही वाचावी. कोणी कोणाला रागवायचे नाही, फक्त वाचायचे. पुरुषांना हे जड जाते, कारण आपला पैसा कुठे जातो हे बायकोला कळू नये अशीच बहुतेकांची व्यवस्था असते. पण 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले, तेव्हा दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका असे त्यांनी त्यांना सांगितले होते. घरच्या तळ्याची राखण त्यांनी स्त्रियांच्या हाती दिली होती. वही त्यापेक्षा किती सौम्य!

जयंतीच्या वर्गणीचीही अशीच वही सर्वांसमोर वाचावी, असे मी तेथे बोललो. तरुण मंडळींना ते रुचले नाही. देवाच्या कोंबड्या-नारळावर जाणारा पैसा वाचला आणि तो ध्वनिक्षेपकांच्या भिंतीत गेला, तर आपण एक तोंड बुजवून दुसरे उघडले, असे माझे मत आहे आणि मी ते मागे घेत नाही.

पुढच्या पौर्णिमेला मी पुन्हा त्या वाडीत गेलो. पाऊस तसाच होता. वंदना झाल्यावर आजी नातवाला पुढे घेऊन आली. त्याच्या हातात शाळेची जुनी वही होती, मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहिलेली. तांदूळ, रॉकेल नाही, गॅस, एसटीचे भाडे, काकाची उधारी, विहारात टाकलेले दहा रुपये. नातू मोठ्याने वाचत होता. एका ओळीवर तो थांबला आणि आजीकडे पाहू लागला.

"वाच की," आजी म्हणाली.

"आजीची मिसरी, तीस रुपये."

सगळा विहार हसला. आजीने पदर तोंडाला लावला आणि मला विचारले, "गुरुजी, हे पण बीळच काय?"

मी काही बोलायच्या आत नातवाने पेन्सिल काढून त्या ओळीपुढे एक खेकडा काढला होता.