शिलोहाचा बुरूज आणि किल्लारी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे भूकंप होऊन त्या परिसरातील ८ ते १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. हे कोणत्या पापाचे फळ, असे कोणी विचारील. परंतु शिलोहाचा बुरूज पडून जे १८ जण मेले, ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभूने शिकविले. पदार्थविज्ञान सांगते की, भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असल्याने साचलेल्या दाबामुळे भूगर्भातील खडक फुटला. तो तेथेच व त्याच पहाटे का फुटला, हे त्यास निश्चित सांगता येत नाही. तथापि तेवढ्याने ते कारण खोटे ठरत नाही. मातीत रचलेल्या जड दगडी भिंती अंगावर कोसळल्या, हेही मृत्यूचे खरे कारणच होय. ह्यास्तव मृतांची पापे मोजू नका. शेजाऱ्याची भिंत बळकट करा.