न मागणाऱ्याची भूक

जकात कोणाला द्यावी, हे पवित्र कुरआनने सूरह तौबामध्ये आठ वर्ग सांगून स्पष्ट केले आहे. त्याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे: गरज ओळखावी कशी? सूरह बकरामध्ये (2:273) अशा लोकांचा उल्लेख येतो, जे स्वाभिमानापोटी हात पसरत नाहीत आणि म्हणून अजाण माणसाला सुखवस्तू वाटतात. त्यांची ओळख त्यांच्या मुद्रेवरून पटते, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे ओळखण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आहे. गरजवंताने दारी येऊन गरज सिद्ध करावी, अशी अट नाही.

येथे एक अडचण उभी राहते. सूरह हुजुरातने इतरांच्या खाजगी गोष्टी हुडकण्यास मनाई केली आहे. मग शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजते, त्याची मुलगी फिकट का दिसते, ही चौकशी टेहळणीच नव्हे काय? माझ्या मते फरक हेतूत आहे, पण केवळ हेतूत नाही. कळलेल्या गोष्टीचे पुढे काय होते, यातही आहे. मदत करणाऱ्याच्या मनातच राहते, ती अमानत. रेशनची पिशवी देताना छायाचित्र काढणारे कोणत्या बाजूला पडतात, हे वाचकांनीच ठरवावे.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक प्रसंग इतिहासग्रंथांत आला आहे. मदीनेत उतरलेल्या व्यापारी तांड्यावर ते रात्री पहारा देत असता एका तान्ह्या मुलाचे रडणे थांबेना. वारंवार विचारल्यावर, समोर खलीफा आहेत हे न ओळखता आई म्हणाली, की उमर दूध सुटलेल्या मुलांनाच भत्ता देतात, म्हणून मी याचे दूध लवकर तोडते आहे. फजरच्या नमाजमध्ये उमर यांना रडू आवरेना. त्यानंतर त्यांनी भत्ता जन्मापासूनच लागू केला. पाठीवरून पीठ वाहून नेल्याची त्यांची कथा आपण अधिक सांगतो. मला ही अधिक मोलाची वाटते. व्यवस्था सद्भावनेचीच होती, आणि तिच्याच नियमाने एका बाळाचे दूध तुटत होते.

आपल्या रमजानच्या पिशव्या या दृष्टीने पाहाव्यात. तांदूळ, मैदा, साखर, तेल, शरबताची बाटली. पोट भरते, रक्त वाढत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत आणि पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत. आकडा सर्व समाजांचा आहे. आपले मोहल्ले त्याबाहेर असण्याचे कारण नाही. सकाळी चहा-पाव, जेवणावर पुन्हा चहा. या चहामुळे अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. वयात आलेल्या मुलीला लोहाची गरज भावापेक्षा अधिक, आणि सालनाची वाटी मात्र तिच्याकडे सर्वांत शेवटी येते. हा शरीअतचा नियम नाही, आपली सवय आहे.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी ती मुलगी गिळते की फेकते, अंगणवाडीत धाकट्याचे वजन गेल्या महिन्यापेक्षा वाढले की घटले, हे मोहल्ल्यातील एखादी आपा सहज विचारू शकते. घरात तिला संकोच नाही, आणि ऐकलेले पोटात ठेवण्याची तिला सवय असते. बहुतेक मशिदींच्या समित्यांत गरजवंतांची यादी करणारे मात्र सगळे पुरुषच असतात.